अकराची रेघ

आमची लेक वर्षाची व्हायला आली तेव्हा तिला सहा दात होते, चार शब्द येत होते आणि एक सवय होती: माझ्याशिवाय ती कुणाच्या हातचा घास खात नसे. बाकी ती मोठी उद्योगी. भिंतीला धरून खोलीभर फिरायची. डाळीचा डबा आडवा करायची आणि सांडलेला एकेक दाणा दोन बोटांच्या चिमटीत उचलून तोंडात टाकायची. त्याच चिमटीत मुंगीही यायची. शेजारच्या कोंबडीला हात हलवून टाटा करायची. पण आजीने वाटीतला भात पुढे केला, की ओठ मिटून मान फिरवायची. पुन्हा घास नेला, की हात असा मारायची की भात आजीच्या पदरावर.

नेमकी त्याच उन्हाळ्यात मला नोकरी लागली. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या अंतरावरची शाळा होती. जूनअखेर शाळा उघडली की हजर व्हायचं. सकाळी दहाला निघून संध्याकाळी साडेपाचला परत.

माझे वडील कळमेश्वरकडच्या खेड्यात दुसऱ्यांच्या शेतावर राबत. छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन आले आणि दोन वर्षांनी माझं बोट धरून त्यांनी मला शाळेत नेऊन बसवलं. मी बी.ए. झाले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका दोन्ही बाजूंनी पाहिली आणि घडी पडू नये म्हणून तांदळाच्या कोठीवर सपाट ठेवली. ही नोकरी माझ्या एकटीची नव्हती. पण लेकरू दिवसभर उपाशी राहणार असेल, तर मी शाळेत जाणार नव्हते. हे मी घरात सांगूनही टाकलं होतं.

यजमान गांधीबागेतल्या कापडाच्या ठोक दुकानात कामाला होते. ते म्हणाले, "तिले शाळेतच घेऊन जा ना. पहिलीत बसव. सहा दात आहेत, वय कोण विचारते?"

मला हसू आलं नाही. मी आयुष्यात जे मिळवलं होतं ते वेळापत्रकाच्या जोरावर. पहाटे गणित, शाळेतून आल्यावर इंग्रजी, जेवल्यावर पाठांतर. तेव्हा लेकीसाठीही मी वेळापत्रकच केलं. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी एक पत्रक दिलं होतं. त्यावरून रेघांच्या कागदावर, लाल शाईने समास आखून लिहिलं: सात वाजता दूध-भाकर, अकराला वरणभात, साडेअकराला झोप, तीनला मऊ खिचडी. कागद भाताच्या खळीने स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला आणि सासूबाईंना तो दोनदा वाचून दाखवला.

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. विड्या वळत त्यांनी चार मुलं वाढवली होती. त्यांनी कागद शांतपणे ऐकून घेतला आणि एवढंच विचारलं, "अकरा वाजले हे मले कसं कळन वं?"

घरात घड्याळ एकच, तेही यजमानांच्या मनगटावर. सात आणि तीनला गिरणीचा भोंगा होता. अकराचं त्यांनीच जमवलं. एका रविवारी आपल्या मुलाला घड्याळासकट ओट्यावर उभं केलं आणि अकरा वाजले तेव्हा छपराची सावली जिथे पडली होती तिथे फरशीवर कोळशाने रेघ मारली.

शाळा उघडायच्या आठ दिवस आधी आम्ही रंगीत तालीम सुरू केली. मी दहाला घराबाहेर पडायची आणि दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीकडे जाऊन बसायची. चारला परत. पहिल्या दिवशी परतले तर लेक रडून रडून लाल झालेली, वाटीतला भात तसाच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाईही भाकरीला शिवल्या नव्हत्या.

"पोर खाऊन नाही राहिली, तं मह्या घशाखाली कसं उतरन?"

चौथ्या दिवशी वाढदिवस होता. यजमानांनी दुकानातल्या ताग्यातून उरलेल्या पिवळ्या तुकड्याचा फ्रॉक शिवून आणला. बुद्धवंदना झाली, खीर झाली. खीर मात्र तिने माझ्याच हातून खाल्ली. बापाने चमचा पुढे केला तेव्हा नव्या फ्रॉकवर ओतली.

"घ्या, कापडाले कांजी बी झाली," यजमान म्हणाले.

त्या संध्याकाळी मी मनाशी ठरवलं, की आणखी दोन दिवस पाहायचं, नाही तर मुख्याध्यापकांना चिठ्ठी लिहायची. आणि खरं सांगायचं तर माझा थोडा रागही होता, सासूबाईंवर. काहीतरी चुकत असणार त्यांचं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे मन लागेना. मी लवकरच परतले आणि मागच्या दाराने आत आले. ओट्यावरची सावली रेघेला टेकली होती. लेक पाळण्यात गाढ झोपली होती. सासूबाई ओल्या हाताने तिचे डोळे पुसत होत्या आणि हळू आवाजात तिची समजूत घालत होत्या.

"ऊठ वं माय. मले समजते तुले झोप हाय. पण तुह्या मायनं लिहून ठेवलं हाय ना."

ती उठली ती किंचाळतच. वाटी पाहून आणखी.

मी म्हटलं, "आई, झोपलेलीला काहून उठवता?"

त्या दचकल्या. "तूच तं लिहिलं, अकरा."

"पण ती झोपली होती ना."

"ते मले दिसते. रोजच झोपते ती या टायमाले." मग भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "तू शिकली म्हणून तुले नोकरी लागली. मी अंगठा लावणारी बाई तुह्या कागदाच्या पुढे जाऊ का?"

रोज सकाळी दहा वाजता डोळे चोळणारी ही पोर माझ्याच पोटची. पण कागद लिहिताना मी पत्रकाकडे पाहिलं होतं, तिच्याकडे नाही.

"तुम्ही चार पोरं कशी जेववलीत?"

"तवा कागद कुठं होता वं?"

मी नखाने कागद सोडवायला घेतला. खळ इतकी पक्की बसली होती, की अर्धा भिंतीवरच राहिला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, पोपडा निघन," आणि पोरीला थोपटायला गेल्या.

नंतरच्या दोन दिवसांतही तिने फार खाल्लं असं नाही. पण रडली नाही आणि एकदा आजीच्या हातातली भाकर ओढून चावली. मी चिठ्ठी लिहिली नाही.

पहिल्या दिवशी शाळेत मी काय शिकवलं ते मला आज आठवत नाही. घंटा झाली आणि मी जवळजवळ पळतच घरी आले. सासूबाई ओट्यावर विड्यांचं सूप घेऊन बसल्या होत्या. लेक त्यांच्या खांद्याला धरून उभी, गालाला वरण सुकलेलं.

"खाल्लं का?"

"मी जेवायले बसली तं आली ताटाशी. मी काही म्हटलं नाही, पाह्यलं बी नाही तिच्याकडं. आपल्या हातानं कालवून कालवून खाल्लं. मले अर्धंच उरलं."

"किती वाजता?" मी सवयीने विचारलं.

"तिले भूक लागली तवा."

मी हात धुऊन तिला उचललं. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं, क्षणभरच, मग खाली उतरायला पाय झाडू लागली. मी सोडली.

सासूबाईंनी विडीला दोरा गुंडाळला आणि न पाहता विचारलं, "उद्या बी दहालेच निघशील ना?"

मी हो म्हटलं.