तिळातल्या दोन माश्या

तिळाच्या फुलात सातेरी मधमाशी शिरली की खुरपणारी आई हात थांबवते आणि तिला वाट देते. अळी दिसली की मात्र चप्पल काढते. परवा एका जाड हिरव्या अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे दाणे चिकटलेले होते.

"मेलीनं अंडी घातलीत. हिला आधी चिरडते."

"थांब आई. ते एका बारीक जातीच्या गांधीलमाशीच्या पिल्लांचे कोष आहेत. पिल्लांनी अळी आतून खाल्लीय. आता त्यांच्या माश्या होतील आणि दुसऱ्या अळ्यांत अंडी घालतील."

"शिकलीस म्हणून आता अळ्या पाळायच्या का?" म्हणाली खरी, पण चप्पल परत पायात घातली.

सातेरीचं काम बघत राहावंसं वाटतं. मुंगीएवढ्या त्या गांधीलमाशीचं काम बघवत नाही. तरी तीळ घरी येतो तो दोघींमुळे, याबद्दल मला शंका नाही. आमच्या घरातली पहिली पदवी याच रानानं मला दिली. तिचा रानाला उपयोग व्हावा, एवढंच मनात होतं.

आज बांधापलीकडे जनाकाकूंनी अळीवर चप्पल उगारली, तेव्हा आईच म्हणाली, "पाठीवर पांढरं असेल तर मारू नका हो. आमची पोरगी तेच शिकलीय."