पाणी आणायला गेलेली माणसं

‘वंदना पाणी आणायला गेली.’ हरेशचा एवढाच मेसेज त्या सकाळी आमच्या ग्रुपवर आला. मी चिखलोलीच्या घरी गॅलरीत दात घासत उभा होतो. बाहेरच्या कुणी तो वाचला असता तर त्याला वाटलं असतं, कुणी बाई कळशी घेऊन नळावर गेली असेल. आम्हाला मात्र कळलं. हा शब्दप्रयोग तिचाच. आम्ही तो इतकी वर्षं हसत हसत वापरला होता, आणि त्या दिवशी हरेशला दुसरं काही लिहायला सुचलं नाही...

वंदना अंबरनाथच्या बुवापाड्यातली. घर आगरी, आजोबा मिठागरावर राबलेले. ती बदलापूरला एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची आणि आईबरोबर राहायची. आमची ओळख झाली ती टीव्हीवरच्या एका हिंदी मालिकेमुळे. पृथ्वी सोडून निघालेलं एक प्रचंड जहाज, आत तीन पिढ्या जन्मलेल्या, आणि पोचायचं कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. सुरुवातीचे भाग असे होते की संपल्यावरही आम्ही बंद टीव्हीपुढून उठत नसू. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये हरेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या माळ्यावर आम्ही आठ-दहा वेडे रविवारी त्यावर चर्चा करायला जमू लागलो. मग मालिका बिघडली. जहाजात सासू आली, जुळी बहीण आली, परग्रहावरची माणसं आली तीही भरजरी कपड्यांत. आमचा संताप अनावर झाला, आणि वंदनाने त्या संतापाला भाषा दिली.

जहाजाची भिंत दार आपटल्यावर थरथरली, तेव्हापासून जे जे पोकळ ते ‘पत्रा’. परग्रहवासी आले की सगळी पात्रं ओळीने उभी राहायची आणि कॅमेरा प्रत्येकाच्या तोंडावरून फिरायचा, ते ‘हळदीकुंकू’. इंजिन फुटणार फुटणार म्हणता जाहिरातीच्या आत दुरुस्त व्हायचं, ती कुकरची ‘तिसरी शिट्टी’. आणि एखादं पात्र काही न सांगता मालिकेतून नाहीसं झालं की वंदना म्हणायची, “गेला पाणी आणायला.” आमच्या भागात पाण्याला गेलेलं माणूस कधी परत येईल याचा नेम नसतो, म्हणून. हे शब्द बघता बघता इंटरनेटवर पसरले. पाटण्याची, इंदूरची अनोळखी पोरं ‘पानी भरने गया’ लिहू लागली. हरेश तिला म्हणायचा, “दीदी, तू तो डिक्शनरी है.” ती म्हणायची, “प्रेम नसतं ना हरेश, तर चॅनल बदलला असता. शब्द कशाला बनवले असते?”

पुढे तिच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर समजावून सांगत होते तेव्हा तिने विचारलं, “डॉक्टर, ही कितवी शिट्टी?” त्यांना अर्थ कळला नाही, तिच्यासोबत गेलेल्या मला कळला. तिला पाणी बेतानेच प्यायची परवानगी होती. उन्हाळ्यात ती बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून माळ्यावर बसायची आणि आमच्याहून मोठ्याने भांडायची. त्याच सुमारास मालिका अचानक बंद पडली. शेवट नाही, निरोप नाही. जहाज अंधारात तसंच राहिलं.

आणि एका रविवारी हरेश एका माणसाला माळ्यावर घेऊन आला. पन्नाशीचा, थकलेला, बदलापूरला राहणारा. फोन दुरुस्तीला आणला होता, बोलता बोलता हरेशला कळलं की ही मालिका यानेच लिहिली. आम्ही सगळे सरसावून बसलो. इतक्या वर्षांचा राग होता. तो खाली बसला आणि म्हणाला, “तुमचे शब्द मी सगळे वाचलेत. आमच्या सेटवरसुद्धा चालायचे. एखाद्या नटाला काढायचं ठरलं की निर्माताच म्हणायचा, इसको पानी भरने भेजो.” आम्हाला हसू यायला हवं होतं.

वंदनाने एकच विचारलं, “रेवती कुठे गेली?” रेवती म्हणजे जहाजातली रोपं सांभाळणारी म्हातारी, पहिल्या काही भागांनंतर न दिसलेली. तो म्हणाला, “त्या बाईंनी दुसरं काम घेतलं. मी तिच्या जाण्याचं एक वाक्य लिहिलं होतं, ते कापलं गेलं. आता आठवतही नाही.”

“मग मी सांगते,” वंदना म्हणाली.

तिने सांगितलं, की जहाजाच्या अगदी तळाशी पाण्याची टाकी आहे, जिथे मालिका कधी गेलीच नाही. टाकीला तडा गेला ते पहिल्यांदा रेवतीला कळलं, झाडं सुकू लागली तेव्हा. ती खाली उतरली. मग इंजिनवाला गेला, मुका स्वयंपाकी गेला, कॅप्टनचा धाकटा भाऊ गेला. जो जो नाहीसा झाला होता त्या प्रत्येकाचं नाव तिने घेतलं, एकही सुटलं नाही. ती सगळी माणसं तिथे अंधारात तडा धरून उभी होती. म्हणून वर जुळ्या बहिणी भांडू शकत होत्या, लग्नं लागत होती, माणसं जिवंत होती. “पाणी त्यांनी केव्हाच आणलंय,” ती म्हणाली. “वरच्यांनी नळ सोडताना कधी विचारलं नाही, हे येतं कुठून.”

जिला घोटभर पाणी मोजून मिळत होतं, तिने एका बिघडलेल्या मालिकेतली सगळी टाकून दिलेली माणसं परत आणली होती... आमची सगळी टवाळी तिने अशी उलटी केली की आमची आम्हालाच ती ओळखू येईना. मग तो लेखक उठला आणि त्याने तिला वाकून नमस्कार केला. ती संकोचून म्हणाली, “अहो सर, सुरुवात तर तुमचीच ना.”

पुढे हरेशचा तो मेसेज आला, आणि वंदनाच्या दहाव्यानंतर मी बुवापाड्याला गेलो. तिच्या आईने आयुष्यात ती मालिका पाहिली नव्हती. टीव्ही लागला की त्या उठून आत जायच्या. चहा झाला, आणि त्या एकदम म्हणाल्या, “बाला, तिनं तुमाला कायतरी गोष्ट सांगलेली ना? हरेश बोलत होता. मना कदी नाय सांगली. मना आयकायची हाय.”

शेजारच्या दोघी दारातच उभ्या होत्या, त्या आत येऊन बसल्या. मी जमिनीवर मांडी घातली, तेवढ्यात वंदनाच्या आईने हात केला. खिडकीखाली एक लाकडी पेटी होती, वर चादरीची घडी. “खाली नको, हितं बस,” त्या म्हणाल्या. “ती हितंच बसायची. हितून बोललं का चुलीपर्यंत आयकू जातं.”

मी पेटीवर बसलो. त्यांनी पंखा बंद केला, पदर सावरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“एक जहाज होतं,” मी सुरू केलं.