मागच्या हँडलची घंटी

सायकलच्या तेलाचा वास आला की मला उदगीरचं ते वेल्डिंगचं दुकान आठवतं. नजर गेल्यापासून आमच्या ह्यांनी उंबरा ओलांडणंच सोडलं होतं. मी त्यांची अन् लेकीची अशा दोन जुन्या सायकली तिथं नेल्या अन् म्हटलं, "दोन्ही जोडून एक करा, पुढं मी बसणार." हे घरी भडकले, "बाई पुढं अन् गडी मागं? गाव हसंल की!" म्हटलं, "हसू द्या, तुम्हाला कुठं दिसून राहिलं?" कितीतरी महिन्यांनी ते हसले, अन् तयार झाले. बसल्या बसल्या दोघंही आडवे झालो, धूळ झटकली, पुन्हा बसलो अन् थेट किल्ल्यापर्यंत गेलो. घंटी मी मुद्दाम त्यांच्या हँडलला लावली होती, ती त्यांनी वाटभर वाजवली. आता माझे गुडघे लई कुरकुरतात, पण अंगणातून घंटी वाजली की मी तवा उतरवून निघतेच.