उजव्या भुवईवरचा व्रण

माझी नणंद तैसिस, आमच्या वन्सं. नवरा नाईलच्या पुरात गेल्यापासून त्या आमच्याकडेच राहायच्या, अळशीचं सूत कातून मागावर विणायच्या आणि गल्लीतल्या प्रत्येकीच्या चुका काढायच्या. घरच्या देवापुढच्या दिव्यात तेल घालणं त्यांनी कधी सोडलं, ते आम्हाला उशिराच कळलं. "मी ख्रिस्ताची झालेय," एवढंच म्हणाल्या आणि कांदे चिरायला बसल्या.

मग सम्राटाचा हुकूम आला. प्रत्येकानं देवळासमोर मद्य वाहायचं, बळीचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. दाखला नसेल त्याला कैद, नाहीतर मरण. वन्सं जाणार नाहीत हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

माझा नवरा होरिओन रडकुंडीला आला. "तिच्या नावानं तू जाऊन ये. वय सारखंच दिसतं तुमचं."

"आणि माझा दाखला?"

"तो उद्या. दुसऱ्या कारकुनाकडून."

मी गेले. कारकून सेरेनोसनं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग ओळखीच्या खुणेसाठी माझा पदर वर सारला आणि लिहिलं, 'उजव्या भुवईवर व्रण.' खाली सही ठोकली, 'हिनं मांस खाल्लेलं मी स्वतः पाहिलं.' त्या व्रणाचा मला विसरच पडला होता.

संध्याकाळी होरिओननं दाखला वाचून दाखवला. "सुटलीस, ताई."

"ती खूण परत वाच," वन्सं म्हणाल्या. त्यानं वाचली. त्यांनी आपल्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागाकडे पाहिलं आणि डाळ वाढून घेतली. आम्हाला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या दाखल्यासाठी दुसऱ्या कारकुनाच्या रांगेत उभी होते. वन्सं थेट देवळासमोरच्या मंडपात शिरल्या आणि दाखला अधिकाऱ्यासमोर ठेवला.

"साहेब, हा माझा नाही. मी काही वाहिलं नाही, काही खाल्लं नाही. मी ख्रिस्ती आहे."

सेरेनोसचा चेहरा पडला. "मावशी, घरी जा. उन्हानं डोकं फिरलंय तुमचं."

"डोकं जाग्यावर आहे. भुवई बघा, कुठाय व्रण?"

अधिकाऱ्यानं दाखला वाचला. "मग ही व्रणवाली बाई कोण? नाव सांग, तुला सोडून देतो."

मी पदर नाकापर्यंत ओढला. वन्सं माझ्यापासून चार हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. माझ्याकडे एकदा, फक्त एकदा पाहिलं त्यांनी, आणि मग पाठ केली. अशा उभ्या राहिल्या की अधिकाऱ्याला मी दिसेचना.

"मी माझ्यापुरतं सांगायला आलेय," त्या म्हणाल्या. "दुसरीचं तुमच्या कारकुनाला विचारा. त्यानं स्वतः पाहिलंय ना?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. सेरेनोस घाईघाईनं म्हणाला, "साहेब, गर्दी होती. आठवत नाही."

"मरायची भीती वाटत नाही तुला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"वाटते की. म्हणून तर सकाळी सकाळी आले. दुपारपर्यंत थांबले असते तर आलेच नसते."

सात महिने कैद. पाय लाकडी खोड्यात. मी भाकरी घेऊन जायची, पहारेकरी अर्धी खायचा. दर खेपेला वाटायचं, आज वन्सं माझं नाव सांगून मोकळ्या होतील. होरिओन रोज दारात बसून राहायचा, कुणी बातमी आणेल या धास्तीनं.

शेवटी सम्राट लढाईत मारला गेला आणि हुकूम थंडावला. एका सकाळी कैदखान्याचं दार उघडलं. वन्सं लंगडत, एक एक पायरी चढत घरी आल्या. मी चुलीपाशी होते.

"वन्सं, दाखल्यावरची ती मीच होते."

"माहितीये गं. तो व्रण माझ्याच मागाच्या दांडीनं झालाय तुला." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "डाळ करपतेय."

सात महिन्यांनी मी त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढं अकरा वर्षं जगल्या त्या. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीतली माणसं पाया पडायला यायची, हुतात्मा म्हणायची. वन्सं तोंडातला घास गिळून म्हणायच्या, "अरे, मी जेवतेय."