आभाळ आलं तेव्हा मी ओसरीवर होतो

मी वाडी सोडली त्या दिवशी फाल्गुनातलं ऊन चांगलंच तापलं होतं आणि दुपारी एकाएकी मावळतीला काळं आलं. फाट्यावर मी, मामा आणि माझी पत्र्याची पेटी. मामा कोइमतूरला गलाईच्या दुकानात होते. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. आमच्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा त्याच वाटेनं बाहेर पडत. मिरजेला जाऊन रेल्वे गाठायची होती. आप्पा, म्हणजे माझे वडील, पोचवायला फाट्यापर्यंत आले होते. एस.टी. धूळ उडवत येताना दिसू लागली आणि नेमकं तेव्हाच आप्पांनी वर बघितलं. समोर हरिबाच्या खळ्यावर मळलेला शाळू उघडा पडला होता. बांधावरून झालेल्या भांडणात आप्पांनी ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं, तोच हा हरिबा. "आभाळ आलंय. पोचलास की पत्र टाक," एवढं म्हणून आप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि खळ्याकडं पळत सुटले.

मी नव्या पँटीत एस.टी.त चढलो. खिडकीतून त्यांची पाठ तेवढी दिसली. पोरगा परमुलखात चाललाय आणि बापाला दुश्मनाच्या जोंधळ्याची पडलीय, हा राग मी पुढं कितीतरी वर्षं पोसला. मामा म्हणाले, "आपल्याकडं आसंच आस्तंय." मला ते पटलं नाही. मामांसमोर मला आप्पांची लाज वाटली, हेही आज लिहून टाकतो.

माझ्यासारखे जे जे गलाईला बाहेर पडलात, कुणी केरळात, कुणी बंगालात, कुणी पंजाबात, त्यांना पुढचं सांगायला नको. भट्टीची धग, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा, घशात बसणारा धूर, आणि आपल्याला सगळा बाजार 'सेट', म्हणजे शेठ, म्हणतो पण जेवायला बोलवत नाही, ते पहिलं वर्ष. मी तमिळ शिकलो ते गिऱ्हाइकांच्या शिव्यांतून. पण एका गोष्टीनं मी सुरुवातीला फार चक्रावलो. तिथं चैत्रात पाऊस आला की लोक खूश होतात! त्याला ते 'कोडै मळै' म्हणतात, उन्हाळ्यातला पाऊस. दुकानदार बाहेर येऊन उभे राहतात, बायका दारात खुर्च्या टाकतात, कुणी चहा मागवतं. आणि मी भट्टीपुढं बसून छातीत धडधडत विचार करायचो, कुणाचं काय उघड्यावर असेल? हळूहळू धडधड थांबली. मग मीही बाहेर येऊन उभा राहू लागलो. हवा गार झाली, बरं वाटलं, असं म्हणू लागलो. त्यात चूक काहीच नव्हती. फक्त ते कधी सुरू झालं, मला कळलं नाही.

मधल्या काळात वाडीवर शाळू कमी झाला आणि द्राक्षं आली. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, बेदाण्याचं शेड घातलं. तुम्हा वाडीवरच्यांना हे सांगणं म्हणजे शेतकऱ्याला नांगर दाखवणं, पण बाहेर वाढलेल्या आपल्या पोरांसाठी सांगतो. द्राक्षं शेडमधल्या जाळ्यांवर वाळतात. मग ती झाडून खाली घेतात आणि शेवटचं ऊन द्यायला अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर पसरतात. त्या शेवटच्या उन्हात सर आली, की हिरवट पिवळा माल काळा पडतो. वर्षभराची मेहनत चहा पिऊन होईस्तोवर भिजते.

मग फोन आले, वाडीचा ग्रुप आला, आणि मी वाडीचा हवामानवाला झालो. कुणी नेमलं नव्हतं. दुकान आता मुलगा बघतो, मला वेळ असतो. माघ सरला की मी सकाळी उठून सांगली-साताऱ्याचा अंदाज शोधायचो. 'तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम सरी, कमाल तापमानात किंचित घट, त्यानंतर हळूहळू वाढ.' खाली माझी भर: 'बांधवांनो, बेदाणा झाकून ठेवा.' लोक हात जोडल्याची चित्रं पाठवायचे. मला वाटायचं, एवढ्या लांबून आपण वाडीवर छत्री धरलीय. सुनंदा, माझी बायको, म्हणायची, "तितं आभाळ न्हाई व्हय त्यांला?" मी तिला गप्प करायचो.

यंदा चैत्रात जत्रेला मी एकटाच गेलो, आणि मनात एक काम घेऊन गेलो. तेजाबाच्या धुरानं छाती खराब झालीय, डॉक्टरांनी भट्टी सोडायला सांगितलंय. सुनंदाचं आणि माझं ठरलं होतं, कायमचं परत यायचं. पण आमची वाटणी कधी झाली नाही. घर दादाच्या हातानं उभं, शेती दादाच्या घामावर. तेव्हा दादाला विचारायचं, आम्ही आलो तर चालेल का? वाक्य मी रेल्वेत घोकलं होतं. पहिल्या दिवशी जत्रेच्या गडबडीत धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर विचारायचं ठरवलं.

त्या दुपारी दादा जेवून लगेच शेडवर गेला. शेड घरापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्यापलीकडं. अंगणात बेदाणा पसरलेला ओसरीवरून दिसत होता. मी खुर्चीत बसून फोनवर नकाशा बघत होतो. ढगांचा हिरवा-पिवळा पट्टा शेजारच्या जत तालुक्याकडून सरकत येत होता. आदल्या दिवशीच मी ग्रुपवर टाकलं होतं, उद्या दुपारनंतर सरी. वारं फिरलं, मातीचा वास आला, आणि मी मान वर केली तर खरोखरच काळं आलेलं. खरं सांगू? मला आनंद झाला. माझा अंदाज बरोबर आला होता.

वहिनी मोरीवर भांडी घासत होत्या. त्यांनी राखेचे हात तसेच ठेवून धूम ठोकली. त्या माझ्यासमोरून जाताना मी म्हणालो, "बघा वहिनी, कालच टाकलं होतं मी." त्या थांबल्या नाहीत. शेजारची तारामावशी, जिचा गुडघा धड वाकत नाही, ती पदर खोचून निघाली. वरच्या वस्तीवरून माणसं पळत आली. जत्रेच्या नव्या कपड्यांतले दोन पाहुणे मोटरसायकल आडवी टाकून शेतातून घुसले. कागदाची टोकं धरून लोक बेदाणा मधे ओढत होते, कुणी घमेल्यानं भरत होतं. मी उभा राहिलो. पायात चप्पल घातली. आणि थांबलो. आपण मधे कडमडायला नको, त्यांना सवय आहे, लागलं तर हाक मारतील, असं मनात आलं. टपोरे थेंब पडू लागले तरी मी वाट बघत होतो. वाट बघता बघता मी एक फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला: 'अंदाज खरा ठरला.'

सर थोडकीच होती. तरी कडेचा माल भिजलाच. पाऊस उघडला तेव्हा मी शेडवर गेलो. सगळे निथळत होते, त्यांच्या अंगाला गोड चिकट वास येत होता. मी कोरडा. वहिनींनी मलाच आधी चहा दिला आणि बसायला पोतं अंथरलं. तेवढ्यात लोकांनी हात पुसून फोन काढले. एकेकाच्या फोनवर मी टाकलेला फोटो. ओसरीच्या खांबाआडून काढलेला, खाली ओसरीची फरशीसुद्धा आलेली, आणि लांब पावसात पळणारी ही सगळी माणसं. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "फोटू झ्याक आलाय भावजी. समदी दिसत्यात."

टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. सगळे दिसत होते, मी सोडून. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि माणसाचा स्वभाव बघा, लाज वाटली की तो उलटा दुसऱ्यावर रुसतो. लोक पांगल्यावर मी दादाला म्हणालो, "दादा, मला हाक का नाही मारलीस? मी काय परका होतो?"

दादा भिजलेला माल वेगळा काढत होता. तो चिडला नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं. "हाक?" तो म्हणाला. "हाक कुणाला मारली रं मी? तुज्या वैनीला मारली का तारामावशीला? आभाळ दिसत न्हवतं व्हय तुला?"

आभाळ दिसत होतं. सगळ्यांच्या आधी, जतपासून दिसत होतं. मी खाली बसलो आणि त्याच्याबरोबर काळे दाणे निवडू लागलो. पण जे विचारायचं होतं ते राहूनच गेलं. कुठल्या तोंडानं विचारणार? दुसऱ्या दिवशी दादानं मला मोटरसायकलवरून कवठे महांकाळच्या स्टँडवर सोडलं. बेदाण्याची पिशवी मांडीवर ठेवली. चांगल्यातला होता, भिजलेल्यातला नव्हता.

घरी आल्यावर सुनंदानं पहिलं तेच विचारलं. मी सगळं सांगितलं, फोटोसकट. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आवं, तुमी पाव्हण्यावानी बसलासा, मग त्येनी तरी काय करायचं?" आणि भाजी चिरायला लागली.

त्यानंतर ग्रुपवर मी काही टाकलेलं नाही. फोटोही काढून टाकायचा राहिला, आता वेळ उलटून गेल्यावर तो सगळ्यांच्या फोनवरून निघत नाही. बाहेर पडलेल्या माझ्या भावांनो, आपण एकमेकांना भेटलो की हेच बोलतो, गावानं आपल्याला परकं केलं. मीही बोलायचो. आता बोलताना जीभ चावते. मला वाडीनं कधी बाहेर काढलं नाही. चप्पल घालून ओसरीवर मीच थांबलो.

परवा धीर करून दादाला फोन लावला आणि त्यानं उचलायच्या आत बंद केला. लगेच त्याचाच आला. "काय रं, काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो, "हवा कशी आहे तिकडं, म्हणून केला."

"हवा?" दादा हसला. "ती तर तूच सांगायचास की आमाला."

मग मी डोळे मिटून बोलून टाकलं. दादा, आम्ही दोघं यावं म्हणतोय. राहायला. कायमचं. तुझी हरकत नसेल तर. पलीकडं मागं वहिनी कोंबड्यांना हाकलताना ऐकू येत होत्या.

"हरकत?" दादाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आरं, आपल्या घरला येताना कुणी इचारतंय व्हय?"

त्यानं फोन ठेवला. मी सुनंदाला सांगितलं, ये म्हणाला. ती रडली, आनंदानं. मी तिच्याजवळ बसलो होतो आणि मला पुन्हा लाजच वाटत होती. कारण तो 'ये' म्हणाला नव्हता. तो शब्द वापरायची त्याला गरजच कधी वाटली नव्हती.