जुरोंग ईस्टच्या बर्फावर दादाचा शेवटचा सीझन

क्षमावहिनीचा फोन आला तेव्हा मी दहावीचे पेपर तपासत होते. क्षमावहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, शिरीषदादाची बायको. दोघं अठरा वर्षं सिंगापूरला आहेत. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मंजिरी, तुझा दादा या सीझननंतर खेळणं थांबवतोय. शेवटची मॅच महिन्याभरात आहे. तू त्याला एकदाही खेळताना पाहिलेलं नाहीस. येतेस का?"

दादा आइस हॉकी खेळतो. पुण्यात हे कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. बर्फावरची हॉकी, तीही विषुववृत्ताच्या शेजारी, आणि खेळणारा कोण, तर तांजोंग पगारच्या एका बँकेत रिपोर्ट लिहिणारा, एकोणपन्नास वर्षांचा, सहकारनगरचा माणूस. खरं सांगायचं तर मीही हसतच आले होते. हे त्याचं एक खूळ आहे, वय झालं की जाईल, असं धरून मी चौदा वर्षांत त्याला याबद्दल एकही प्रश्न धड विचारला नव्हता. वहिनीनं "थांबवतोय" म्हटलं तेव्हा मला ते एकदम लागलं. दुसऱ्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला.

व्हिसा एजंटकडून चार दिवसांत आला, पण तुम्ही जाणार असाल तर दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. मुंबईहून साडेपाच तासांचं विमान. बॅगेत दोन स्वेटर आणि लोकरीचे मोजे होते, आणि सिंगापूरला हे घेऊन जाणारी बहुधा मी एकटीच होते. चांगी विमानतळावरून मरीन परेडला, म्हणजे दादाच्या घरी, टॅक्सीनं वीस मिनिटं लागतात. सामान कमी असेल तर छत्तीस नंबरची बस थेट जाते, स्वस्त पडते आणि वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंची पर्जन्यवृक्षांची कमान फुकट बघायला मिळते. मला ती जागा मिळाली.

दादाच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समुद्र दिसतो, पण मला आधी आला तो वास. तुळशीच्या कुंडीशेजारी गोलकीपरचे पायाचे दोन पॅड वाळत घातले होते, प्रत्येक एखाद्या लहान गादीएवढा. माझी भाची इरा, वय पंधरा, नाक दाबून म्हणाली, "आत्या, फर्स्ट डे स्मेल व्हेरी बॅड. थर्ड डे यू वोन्ट नोटिस, लाह." शेवटचा 'लाह' हा सिंगापुरी बोलण्यातला. तिचं खरं निघालं.

दादा संध्याकाळी ऑफिसातून आला. चांगला दिसत होता. फक्त लिफ्टपर्यंतच्या चार पायऱ्या तो आडवा होऊन उतरतो, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं. मी विचारलं तर म्हणाला, "बुटाचा सोल घसरतो."

शनिवारी सकाळी सातला सराव होता. रिंक जुरोंग ईस्टच्या एका मॉलमध्ये आहे, म्हणजे मरीन परेडपासून शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. दादा सामानामुळे गाडीनं जातो. तुम्ही बसनं युनोसला जा आणि तिथून हिरव्या लाइनची MRT, म्हणजे तिथली मेट्रो, पकडा, कुठेही बदलावी लागत नाही. तांजोंग पगारला निम्मा डबा रिकामा होतो, बुओना व्हिस्टाला उरलेल्यातला निम्मा, आणि मग खिडकीशी निवांत बसायला मिळतं. मॅच पाहायला तिकीट नाही. स्वेटर मात्र हवाच. बाहेर तेहतीस अंश आणि आत दात वाजतात. चपला घालून जाऊ नका, मी गेले होते.

दादाच्या संघाचं नाव 'ग्रे हेरन्स'. करडे बगळे. चौदा वर्षांपूर्वी कामासाठी इथे आलेल्या सात-आठ परदेशी लोकांनी तो उभा केला. त्यातला मुख्य युहानी, फिनलंडचा, आता चौपन्नचा. तरुणपणी आपल्या गावाच्या संघाकडून तो पगारी खेळाडू म्हणून खेळलेला होता, पुढे इंजिनिअर झाला. दादा त्याच्या ओळखीनं आला आणि स्केटिंग येत नाही म्हणून त्याला गोलमध्ये उभं केलं गेलं. तिथेच तो राहिला.

या वर्षी मात्र जुन्यांपैकी चौघं बदली होऊन देश सोडून गेले. त्यांच्या जागी सात तरुण आले, सगळे सिंगापूरचे, लहानपणापासून याच शहरात स्केटिंग शिकलेले. त्यांच्यात नादिया होती. बावीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी, आणि गोलकीपर. सीझनच्या सुरुवातीचे सामने संघ दणदणीत हरला. मग युहानीनं एक सामना दादाला आणि एक नादियाला द्यायला सुरुवात केली, आणि संघ जिंकायला लागला. जिंकलेले बहुतेक सामने नादियाचे होते. हे मला दादानं सांगितलं नाही, इरानं सांगितलं.

सराव पाहताना ते कळायला हॉकी कळावी लागत नाही. काळी रबरी चकती, तिला पक म्हणतात, डोळ्याला दिसायच्या आत येते. नादिया ती येण्याआधीच तिथे असायची. दादा बरोबर जागी जायचा, पण अर्धा क्षण उशिरा. चकती जाळ्यात गेली की तो तिच्याकडे वळून बघायचा नाही, काठीनं शांतपणे बाहेर ढकलायचा. एकदा खाली बसला तो उठायला वेळ लागला. माझ्या शेजारी वहिनी लोकरीची शाल गुंडाळून बसली होती. ती म्हणाली, "गुडघा. डॉक्टरांनी नोव्हेंबरातच सांगितलंय. त्यानं संघात कुणाला सांगितलेलं नाही."

सरावानंतर सगळे जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे एका छपराखाली खाण्याचे स्टॉल असतात तिथे, गेले. कायाचा, म्हणजे नारळ-अंड्याच्या जॅमचा टोस्ट आणि कोपी, म्हणजे तिथली कॉफी, दोन-तीन डॉलरमध्ये होतं. अंडं खात नसाल तर शाकाहारी बीहूनचा स्टॉल शोधा, शेवयांसारखं असतं आणि पोट भरतं. मला खटकलं ते बसण्याचं. जुने पाच जण एका टेबलाशी, तरुण दुसऱ्या. मधे एक टेबल रिकामं. मी टिश्यू आणायला गेले तेव्हा तरुणांतला एक जण बोलत होता, "फायनलला जायचंय की फेअरवेल पार्टी करायचीय, ते आधी ठरवा." नादिया म्हणाली, "पुरे आता. क्लब त्यांनी काढलाय." तो म्हणाला, "म्हणून काय कायमचा त्यांचा?" मला पाहून सगळे गप्प झाले. मी कुणाची बहीण आहे हे त्यांना माहीत होतं.

प्रश्न साधा होता. शेवटचा सामना रविवारी. जिंकलं तर फायनल, हरलं तर सीझन संपला. पाळीनुसार सामना दादाचा होता. युहानीही महिनाअखेरीस कायमचा परत जाणार होता. त्यानं दादाला सांगून टाकलं होतं, "गोलमध्ये कोण उभं राहणार ते तू ठरव. मी ठरवलं तर कुणीतरी मला माफ करणार नाही."

संध्याकाळी आम्ही दोघं ईस्ट कोस्ट पार्कला चालायला गेलो. पाण्यात जहाजं रांगेनं उभी होती, सायकलवाले घंटा वाजवत जात होते. मी म्हटलं, "दादा, गुडघ्याचं वहिनीनं सांगितलं."

"हो का." त्यानं एक सायकल पुढे जाऊ दिली. मग म्हणाला, "गुडघ्याचं काही नाही गं. पक उशिरा दिसतो. डिसेंबरपासून दिसतोय उशिरा. गुडघ्याला बांधता येतं."

"मग नादियाला उभं कर ना."

"करायचंच आहे." तो बाकावर बसला. "पण आयुष्यात एवढी एकच गोष्ट मी स्वतः उठून केली, मंजू. इंजिनिअरिंग बाबांनी सांगितलं म्हणून, एमबीए सगळे करत होते म्हणून, इथे कंपनीनं पाठवलं म्हणून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट सगळे हसले. तूही."

खरंच होतं ते. आम्ही भाजलेली कणसं घेतली आणि खात घरी आलो. त्यानं काय ठरवलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

रविवारी सामना पाचला होता. दुपारी इरानं मला लोकांसाठी खुल्या असलेल्या वेळात स्केटिंगला नेलं. भाड्याचे बूट तिथेच मिळतात. तासभर मी कठड्याला धरून होते, आणि चार वर्षांची मुलं माझ्या बाजूनं भुर्रकन जात होती. तुम्ही गेलात तर हे जरूर करा. मुख्य म्हणजे त्यानंतर सामना पाहाल तेव्हा त्या लोकांबद्दल हसू येणार नाही.

दादा गोलमध्ये उतरला. मागच्या रांगेतल्या तरुणांच्या मित्रमंडळींत कुजबुज झाली. वहिनीनं माझा हात धरला.

आणि दादा खेळला. तो कसा खेळला हे मला तांत्रिक भाषेत सांगता येणार नाही, पण पहिल्या वीस मिनिटांत त्यानं एकच गोल खाल्ला, तोही दोघं एकदम अंगावर आले तेव्हा. आपल्या एका तरुणानं लगेच बरोबरी केली. तीन भागांतला दुसरा सुरू झाला. एकदा चकती सरळ वरच्या कोपऱ्यात चालली होती. दादाचा डावा हात कुठून वर गेला कुणास ठाऊक, ती हातमोज्यात येऊन बसली. मागची कुजबुज थांबली. सगळे उभे राहिले, मीही. माझा भाऊ एवढा चपळ आहे हे मला माहीत नव्हतं.

खेळ थांबला होता. दादानं चकती पंचांकडे दिली, पाण्याची बाटली उघडून घोटभर प्यायला, आणि संथपणे घसरत आपल्या बाकाकडे आला. सामना एक-एक होता. निम्म्याच्या वर खेळ बाकी होता. त्यानं दार उघडलं आणि नादियाला काहीतरी म्हणाला. ती क्षणभर हललीच नाही. मग हेल्मेट घालून आत गेली.

युहानी बर्फावर उभा होता. त्यानं काठी दोनदा बर्फावर आपटली. मग बाकीच्यांनीही आपटल्या, जुन्यांनी आणि तरुणांनी. बर्फावर टाळ्या अशाच वाजवतात. तो आवाज रिंकभर घुमला. दादा बाकावर बसून हातमोज्यांचे बंद सोडत होता, मान खाली घालून.

नादियानं काय खेळ केला म्हणून सांगू. शेवटच्या भागात तर समोरचा संघ तिच्यावर तुटून पडला होता. दादा आता बाकाच्या कठड्यावर ओणवा होऊन तिला ओरडून सांगत होता, कोण कुठून येतोय ते. आणि संपायला दोन मिनिटं असताना एक साधा फटका आला, नादिया बरोबर त्याच्यासमोर होती, आणि मधे युहानीचा पाय आला. चकती त्याच्या बुटाला लागून दिशा बदलून जाळ्यात गेली. चौपन्न वर्षांचा युहानी, शेवटचा सामना, आणि गोल स्वतःच्या बुटावरून. दोन-एक. सीझन संपला.

आम्ही खाली गेलो. युहानी हसत होता आणि डोळे पुसत होता, दोन्ही एकदम. नादिया बाकावर भिंतीला टेकून बसली होती, पॅड तसेच पायात. दादा तिच्यासमोर खाली बसला, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि तिच्या पॅडचे पट्टे एकेक करून सोडवायला लागला. बर्फावरून आल्यावर बोटं बधिर असतात, ते पट्टे स्वतःला सुटत नाहीत. तिनं विचारलं, "मधेच का बाहेर आलात? चांगले खेळत होतात."

दादा म्हणाला, "गोल खाऊन आलो असतो तर तुला वाटलं असतं, मला काढलं म्हणून तू आत गेलीस. तू त्यासाठी आत गेलेली नाहीस."

तिनं मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाली, "थँक यू, अंकल."

दादा थबकला. वहिनीनं मला नंतर सांगितलं की सिंगापूरमध्ये टॅक्सीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येक मोठ्या माणसाला अंकल म्हणतात, पण वर्षभर ही मुलगी त्याला नुसतं शिरीष म्हणत होती, कारण संघात सगळे सारखे. आज पहिल्यांदा अंकल म्हणाली. दादानं शेवटचा पट्टा सोडवला आणि हसला. "मंगळवारी सराव आहे ना? तुझा डावा हात खाली राहतो. बघू आपण."

"सीझन संपला, अंकल."

"म्हणून तर वेळ आहे."

जेवायला सगळे त्याच हॉकर सेंटरला गेलो. तीन टेबलं ओढून एक केली. आदल्या दिवशी "फेअरवेल पार्टी" म्हणणारा मुलगा युहानीच्या शेजारी बसला होता आणि त्या बुटाची किंमत विचारत होता. संघाचा नवा कप्तान तोच झाला, हे मला तिथेच कळलं. युहानीनंच त्याचं नाव सुचवलं होतं.

मला परत येऊन आता तीन महिने झाले. सिंगापूरमध्ये काय पाहिलंस असं लोक विचारतात, तर सांगण्यासारखं फार नाही. बागा राहिल्या, मोठा आकाशपाळणा राहिला, करमणुकीच्या बेटावर गेलेच नाही. चार दिवसांत दोनदा जुरोंग ईस्टला गेले, हे ऐकून माणसं गोंधळतात.

दादा मंगळवारी जातो. गोलमध्ये उभा राहत नाही, नादियाच्या मागे जाळ्याआड उभा राहून सांगतो. गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. इतकी वर्षं आमचे रविवारचे फोन ठरलेले असायचे: जेवलास का, पाऊस आहे का, आईची तब्येत कशी, ठेवते. गेल्या रविवारी तो मला समजावत होता की गोलकीपरनं जाळ्याबाहेर दोन पावलं पुढे का यायचं, म्हणजे समोरच्याला मागचं जाळं लहान कसं दिसतं. मी वहीत काढून घेतलं, त्रिकोण आणि रेघा. चुकलं ते पुन्हा विचारलं. फोन ठेवला तेव्हा पाऊण तास झाला होता, आणि जेवलास का हे विचारायचं राहूनच गेलं होतं.