उपासाचं रक्त

स्वातंत्र्य मिळून पंधराएक वर्षं झाली असतील. भात पोटरीला आलं होतं तेव्हा आमच्या यांच्या छातीत कळ आली. घामाने भिजून ओटीवर बसले आणि घटकाभराने उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. बोर्लीच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं. तिथे रक्तातली चरबी तपासतात, त्यावरून काळजाला किती धोका आहे ते कळतं, म्हणाले. असलं काही मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुंबईत भावजींच्या, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांच्या खोलीवर उतरलो. इस्पितळात चौकशी करून येऊन ते म्हणाले, "वयनी, उद्या दादाला उपास हाय. रक्त उपासाचं लागतंय." दुसऱ्या दिवशी पहाटेच ते गिरणीत गेले. मी उपासाचं केलं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ, वर तूप, आणि पेलाभर दूध. आजारी माणूस, पोटाला आधार नको?

रक्त काढणाऱ्याने विचारलं, "उपाशी आहात ना?"

"व्हय तर! कडक उपास," हे म्हणाले.

यांचं रक्त काढून झाल्यावर रक्त द्यायला आलेली बाकावरची एक बाई मला म्हणाली, "मी काल रात्री जेवले तेवढंच. सकाळपासून चहाचा घोटही नाही. चक्कर यायला लागली." तेव्हा मला उमगलं. उठून सांगायला हवं होतं. परक्या पुरुषासमोर माझी जीभ उचलत नसे. पदराचं टोक चुरगाळत बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर म्हणाले, "नळीत वर दुधासारखं पांढरं आलंय. उपाशीपोटी असं येणं बरं नाही. काम बंद. महिन्याने परत या." मी दाराआड उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

घरी आल्यावर यांनी अंथरूण धरलं. शेजारचे काका ओटीवरून ओरडले, "काय रं, रक्तात दूध उतरलं म्हनं? रतीब लावू का?" हे हसले नाहीत. जेवण तुटलं. एका दुपारी भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यामागं बैल इकू नको. पोरांना कसायला लागतील."

मला ते सोसवेना. सगळं सांगून टाकलं. खिचडी, तूप, दूध, ती बाकावरची बाई.

हे उठून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "खिचडीनं मारीत होतीस की गं मला! कुनाला सांगू नको, गाव हसंल." त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या. महिना भरला की नीट उपाशी जाऊन परत रक्त द्यायचं ठरलं. तोवर कापणी आली होती. दुसऱ्या दिवशी यांनी विळा उचलला. मी अडवलं नाही. मलाही बरं वाटत होतं. रक्त माझ्यामुळे बिघडलं होतं, पण कळ मुंबईला जायच्या आधीची होती, हे दोघांनाही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी डोक्यावरचा भारा बांधावर टाकून हे खाली बसले. मी खळ्यावरून धावत गेले. पोचेपर्यंत आडवे झाले होते.

भावजी मुंबईहून आले. ओटीवर दुखवट्याला आलेली माणसं बसली होती. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, "वयनी, डॉक्टरनी काम बंद सांगितलेलं ना? मग शेतात जाऊ दिलं कुनी?"

"मीच," मी म्हणाले.